आपल्या आडनावात दडलेले युद्ध



लेकरांच्या स्नानसंस्कारापूर्वी आईवडील तयारीसाठी आमच्याकडे येतात. अलीकडे त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो, "फादर, या नावाचा अर्थ काय?" अर्थ चांगला असेल तर नाव ठेवायचे, नाहीतर दुसरे शोधायचे. हे ठीकच आहे. पण आडनावाच्या बाबतीत निवड नसते, ते आजोबा-पणजोबांकडून चालत आलेले असते. आपल्यातील अनेक घरांच्या पाटीवर 'गोन्सालवीस' असे लिहिलेले आहे. कोणी पुस्तकात किंवा संगणकावर शोधले की त्याला कळते, या आडनावाच्या मुळाशी 'युद्ध' आहे. मग तो विचारात पडतो. शांतीच्या राजाला मानणारे आम्ही, आणि आमच्या दारावर युद्ध? त्यात भर म्हणून बाहेरचा कोणीतरी विचारतो, "हे परदेशी आडनाव तुम्ही अजून का वागवता?"

या प्रश्नांना उडवून लावणे योग्य नाही. म्हणून आज आपण एका फार जुन्या शब्दाची वंशावळ पाहू आणि शेवटी त्या प्रश्नांकडे परत येऊ.

१. शब्द कोणता?

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपात ज्या टोळ्या राहत होत्या त्यांना आपण जर्मानिक लोक म्हणतो. आजच्या जर्मन, डच, इंग्रजी, डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन आणि आइसलँडिक या भाषा त्यांच्या बोलींपासून निघाल्या. त्यांच्या मूळ भाषेत पुस्तके नव्हती. पण लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा ओळखावा, तसे अभ्यासकांनी या भाषांची तुलना करून मूळ शब्द उभे केले आहेत. त्यातलाच एक शब्द साधारण 'गुन्थ' असा होता. शेवटचा 'थ' इंग्रजी 'थ्री'मधल्यासारखा. अर्थ होता लढाई.

जुन्या इंग्रजीत तो 'गूथ' झाला, उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत 'गुन्नर', आणि जुन्या जर्मनमध्ये 'गुन्द'. हे शेवटचे रूप ऐकायला आपल्या 'गुंड'सारखे वाटते, पण त्या गुंडाशी याचे काही नाते नाही.

याला एक जोडीदार शब्दही होता, 'हिल्द'. त्याचाही अर्थ लढाईच. एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द असावेत यावरून त्या समाजाच्या मनात लढाईला किती जागा होती हे दिसते. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ मध्ये या लोकांविषयी एक ग्रंथ लिहिला. मुलगा वयात आला की भरसभेत त्याच्या हाती ढाल आणि भाला दिला जाई, असे त्यात नोंदवले आहे. ज्या समाजात पुरुषपणाची खूण भाला, तिथे नावातही लढाई येणार हे उघड आहे.

२. आपल्या भाषेतले भाऊबंद

आता गंमत पाहा. हा 'परका' शब्द आपल्या भाषांना परका नाही. 'गुन्थ' ज्या धातूपासून निघाला, तोच संस्कृतात 'हन्' म्हणून नांदतो. हन् म्हणजे मारणे.

पण 'ह'चा 'ग' कसा झाला? त्यासाठी एक ओळखीचे उदाहरण घेऊ. आपण ज्याला 'हंस' म्हणतो त्याचा भाऊबंद जर्मनमध्ये 'गान्स' आहे आणि इंग्रजीत 'गूज'. म्हणजे आपल्याकडे 'ह' आहे तिथे त्यांच्याकडे 'ग' आहे. शिवाय जर्मन 'गान्स'मधला 'न' इंग्रजी 'गूज'मध्ये गळाला आहे. अगदी त्याच वाटेने जर्मन 'गुन्द'मधला 'न' जुन्या इंग्रजी 'गूथ'मध्ये गळाला. संस्कृतातही हन् धातूची जुनी 'घ' अधूनमधून डोके वर काढतेच. 'हन्ति' म्हणजे तो मारतो, आणि 'घ्नन्ति' म्हणजे ते मारतात. शब्द असे मनमानीने बदलत नाहीत, त्यांच्या बदलाला नियम असतात. जर्मन अभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये असे नियम मांडले. 'भ्राता'चा 'ब्रदर' आणि 'त्रि'चा 'थ्री' यांचा मेळही त्याच नियमांनी बसतो.

या धातूची आपल्याकडची लेकरे मोजू लागलो तर यादी लांबते. हत्या, घात, आघात, विघ्न, शत्रुघ्न, कृतघ्न ही त्यातलीच. लोहाराच्या हातातला घण तोच. आपण रोज बोलतो ते 'हाणणे'ही तेच. पण वैद्यांच्या पुस्तकात 'ज्वरघ्न' असा शब्द असतो, म्हणजे ताप घालवणारे औषध. तोही याच घरचा. तिकडे लॅटिन भाषेत याच धातूपासून 'फेन्देरे' झाले आणि त्यातून इंग्रजीत 'ऑफेन्स' आणि 'डिफेन्स' असे दोन्ही शब्द आले. एक दुखावणारा, दुसरा राखणारा. एकाच मुळावर विषाचे फळ आणि औषधाचे फळ, दोन्ही लागली. हा मुद्दा ध्यानात ठेवा, तो पुढे उपयोगी पडेल.

आपल्या भाषा आणि युरोपच्या भाषा यांच्यातले हे साम्य फार पूर्वी ज्यांच्या लक्षात आले त्यांत एक येशूसंघीय धर्मगुरू होते. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावाला पत्र लिहिले. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी त्यात कळवले होते. सर विल्यम जोन्स यांचे या विषयावरील गाजलेले व्याख्यान कलकत्त्यात झाले ते १७८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर दोन शतकांनी.

३. नावे कशी जुळवीत?

जर्मानिक लोकांची नावे बहुधा दोन तुकड्यांची असत. 'गुन्द' आणि 'ह्राम्न' म्हणजे डोमकावळा, मिळून गुन्त्राम. 'राद' म्हणजे सल्लामसलत, त्याला 'गुन्द' जोडून रादेगुन्द. 'कुनी' म्हणजे कूळ, म्हणून कुनिगुन्द. 'हिल्द'पासून हिल्डा, हिल्डेगार्ड, क्लोटिल्डा, माटिल्डा ही नावे आली. यांत बायकांची नावे किती आहेत पाहा. लढाईचा शब्द मुलीला देण्यात त्यांना काही वावगे वाटत नसे.

पण या तुकड्यांचा मिळून काही सुसंगत अर्थ होत असेच असे नाही. 'गुन्नहिल्द' हे नाव घ्या. त्याचा शब्दशः अर्थ 'लढाई-लढाई'! असे नाव कोणी अर्थ पाहून ठेवील का? ते तुकडे मुख्यतः नाते सांगण्यासाठी असत. इंग्लंडमधील वूस्टरचे महागुरू संत वुल्फस्टन (मृत्यू १०९५) यांच्या आईचे नाव वुल्फगिफू आणि वडिलांचे एथेलस्टन होते. आईच्या नावाचा पहिला तुकडा आणि वडिलांच्या नावाचा शेवटचा तुकडा घेऊन मुलाचे नाव झाले. म्हणजे 'हा आमच्या दोघांचा' एवढेच ते नाव सांगत होते. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात तेव्हा तरी कोण अर्थ पाहतो? आपण आजोबांना पाहतो.

४. तिथून आपल्या घरापर्यंत

इ. स. पाचव्या शतकात जर्मानिक टोळ्या स्पेन आणि पोर्तुगालच्या भूमीत शिरल्या. त्यांत व्हिसिगॉथ प्रबळ ठरले आणि त्यांनी तिथे राज्य केले. इ. स. ५८९ च्या टोलेडो येथील धर्मसभेत त्यांचा राजा रेकारेड याच्यासह त्या राज्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. कालांतराने या लोकांची भाषा लोपली. ते आपल्या प्रजेची, लॅटिनमधून आलेली बोली बोलू लागले. राज्यही इ. स. ७११ नंतर कोसळले. मागे उरली ती नावे.

त्यांतले एक 'गुन्दिसाल्वुस'. पहिला भाग आपला 'गुन्द'. दुसऱ्या भागाविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. बोलता बोलता या नावाचे गोन्सालो झाले. त्या काळी आडनावे नव्हती, बापाच्या नावाला शेपूट जोडून मुलाची ओळख सांगत. दहाव्या शतकात कास्तिल प्रांताचा प्रसिद्ध सरदार फेर्नान गोन्सालेस होऊन गेला. त्याच्या बापाचे नाव गोन्सालो फेर्नान्देस होते. गोन्सालोचा तो गोन्सालेस, फेर्नान्दोचा तो फेर्नान्देस. स्पॅनिश गोन्सालेस तोच पोर्तुगीज गोन्सालवीस.

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांचा अंमल इथे राहिला. या दोन शतकांत स्नानसंस्काराबरोबर पोर्तुगीज नाव आणि आडनाव घेण्याची रीत पडली. तेव्हाच्या आपल्या पूर्वजांना 'गुन्द' ठाऊक नव्हता. ते नाव देणाऱ्या पोर्तुगिजांनाही तो ठाऊक नव्हता, कारण शब्द त्यांच्या भाषेतून केव्हाच गेला होता. राहिले होते फक्त नाव.

५. दोन सख्खी भावंडे: बंदूक आणि निशाण

या शब्दाने आणखी दोन वाटा धरल्या. त्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

मोठ्या शस्त्रांना बायकांची नावे देण्याची सवय युरोपातल्या सैनिकांना होती. आपल्याकडे जंजिऱ्याच्या तोफेला 'कलालबांगडी' म्हणतात, तसेच काहीसे. इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यातील शस्त्रांची १३३० च्या सुमाराची एक यादी उपलब्ध आहे. तीत एका अजस्र बाणफेक्या यंत्राचे नाव 'बाईसाहेब गुनिल्डा' असे दिले आहे. गुनिल्डा म्हणजे वरची 'लढाई-लढाई' गुन्नहिल्द. या नावाचे लाडके, तोडके रूप म्हणजेच इंग्रजी 'गन' असे शब्दकोशकार मानतात. हाच 'गन' आज मशीनगनमध्ये आहे. आणि २०२० च्या करोना साथीत दारोदारी ताप तपासायला कपाळासमोर धरत ते यंत्रही 'गन'च म्हणवले गेले. शब्द तोच, पण त्यातून गोळी सुटत नव्हती.

दुसरी वाट निशाणाची. 'गुन्द' आणि 'फानो' म्हणजे कापड, मिळून 'गुन्दफानो', रणात नेण्याचा झेंडा. फ्रेंचमधून तो इटलीत 'गोन्फालोने' झाला. तिथे शहरांनी आणि धर्मसंघांनी आपल्या मिरवणुकीच्या पताकांना हेच नाव दिले. पेरूजा शहरात बेनेदेत्तो बोन्फिली या चित्रकाराने १४६४ मध्ये, महामारीच्या काळात रंगवलेली अशी एक पताका आहे. पवित्र मरिया आपल्या झग्याखाली साऱ्या नगराला आसरा देत आहे, असे ते चित्र आहे. ज्या कापडामागे सैनिक मारायला निघत, त्याच नावाच्या कापडामागे माणसे वाचवण्याची प्रार्थना करीत निघाली.

एकाच घरातून एक बंदुकीकडे गेला, एक मिरवणुकीकडे. मग या शब्दाचा 'खरा' अर्थ कोणता म्हणायचा?

६. नाव कशावरून पडले आणि नाव कोणाचे?

हा प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'क्रातिलोस' या संवादात यावरच वाद आहे. एक म्हणतो, नाव वस्तूच्या स्वभावातूनच येते. दुसरा म्हणतो, नाव हा माणसांनी केलेला ठराव आहे. शेवटी सॉक्रेटिस सुचवतो की वस्तू जाणायची तर नावापेक्षा वस्तूकडेच पाहिलेले बरे.

संत थॉमस अक्वायनस यांनी हा गुंता फार सोप्या रीतीने सोडवला. नाव ज्यावरून पडले ते एक, आणि नाव ज्याला दाखवण्यासाठी वापरतात ते दुसरे, असे ते सांगतात. त्यांचे उदाहरण दगडाचे आहे. लॅटिनमध्ये दगडाला 'लापिस' म्हणतात. पायाला लागतो, इजा करतो, म्हणून हे नाव पडले असे त्या काळी समजत. पण म्हणून पायाला लागणारी प्रत्येक वस्तू काही दगड नव्हे.

आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. तेल हा शब्द तिळावरून आला. तिळाचे ते तेल. पण आपण खोबऱ्याचे तेल म्हणतो, शेंगदाण्याचे तेल म्हणतो आणि कोणालाही काही खटकत नाही. उद्या कोणी म्हणाला, "यात तीळ नाहीत, म्हणून हे तेल खोटे," तर आपण हसू. मग "या आडनावात युद्ध आहे, म्हणून ही माणसे भांडखोर" किंवा "हे आडनाव बाहेरून आले, म्हणून ही माणसे बाहेरची" असे म्हणणाऱ्याचे तरी काय वेगळे आहे? शब्दाचा उगम हा त्याचा इतिहास असतो, त्याचे नशीब नसते. माणसाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. नावाला अर्थ देतो तो ते वागवणारा माणूस.

७. तीन माणसे, एक तुकडा

रादेगुन्द ही थुरिंजियाची राजकन्या. इ. स. ५३१ मध्ये फ्रँक लोकांनी तिचे राज्य जिंकले, तिला लहानपणीच कैद करून नेले, आणि पुढे विजेत्या राजा क्लोथारशीच तिचे लग्न झाले. त्याने तिच्या भावाचा घात करवला, तेव्हा तिने राजवाडा सोडला आणि प्वातिए येथे स्त्रियांसाठी मठ स्थापला. आजाऱ्यांची सेवा ती स्वतः करी. राजे एकमेकांवर उठले की ती त्यांना पत्रे लिहून शांततेची विनवणी करी, असे तिच्याच मठातल्या बावदोनिविया या भगिनीने लिहून ठेवले आहे. ५६९ मध्ये पवित्र क्रूसाचा अवशेष तिच्या मठात आला, त्यासाठी कवी व्हेनान्तियुस फोर्तुनातुस याने 'वेक्सिल्ला रेजिस' हे स्तोत्र रचले. पवित्र सप्ताहात ख्रिस्तसभा आजही ते गाते. 'वेक्सिल्ला' म्हणजे निशाणे! जिच्या नावात युद्ध, तिच्या दारी आलेले निशाण क्रूसाचे होते.

दुसरे, पोर्तुगालमधील आमारान्त गावचे गोन्सालो. तेराव्या शतकातले हे डॉमिनिकन धर्मगुरू. तामेगा नदीवर त्यांनी लोकांसाठी पूल बांधवला असे परंपरा सांगते. नावात लढाई, पण लोक आठवतात तो पूल.

तिसरे आपलेच. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया. व्यापार सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले. जपानी भाषा येत असल्याने धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून ते जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत ते एक होते. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. ज्या टोळ्यांत तरुणाच्या हाती भाला दिला जाई त्यांच्या भाषेतला शब्द या वसईकराच्या नावात होता. त्याच्या हाती भाला नव्हता. भाला त्याने छातीवर घेतला.

म्हणून गोन्सालवीस बंधू-भगिनींनो, नावाचा संकोच नको, आणि नावाचा ताठाही नको. लढाईचा तो तुकडा कोणी बंदुकीला दिला, कोणी पताकेला. कोणी त्यावर पूल बांधला. ज्यांचे आडनाव वेगळे आहे त्यांनीही आपापल्या नावाकडे असेच पाहावे. पाटीवर जे लिहिले ते पूर्वजांनी दिले. त्या दाराशी आलेल्या माणसाला आत काय मिळते, हे मात्र आपल्या हाती आहे.

कुटुंबात बोलण्यासाठी

१. आपल्या घरातील नावे कोणाच्या आठवणीसाठी ठेवली आहेत? मुलांना ती माणसे ठाऊक आहेत का?

२. आडनाव ऐकून आपण कोणाविषयी आधीच मत बनवले आहे का?

३. पुढे नातवंडे आपले नाव घेतील, तेव्हा त्यांना त्या नावावरून काय आठवावे असे आपल्याला वाटते?

आपल्या सेवेत,
तुमचे धर्मगुरू